सीनेच्या पुरानंतर थार जीपमध्ये बसवलेला वायरलेस : प्रकल्प नोंदी

१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

सप्टेंबरच्या अखेरीस सीना फुगली, तेव्हा आमच्या गटाच्या चार गाड्या सोलापूरजवळच्या तिऱ्ह्याच्या बाजूला गेल्या होत्या. भाकऱ्या, पाण्याचे कॅन, चादरी, जनावरांसाठी पेंडीची पोती असं सामान होतं. दोन गाड्या रस्त्याने थांबत थांबत वाटप करत निघाल्या आणि दोन शेतातल्या गाडीवाटेने एका वस्तीकडे वळल्या. फोनला रेंज नव्हती. ठरलेली वेळ टळून पाऊण तास झाला तरी दुसऱ्या दोन गाड्यांचा पत्ता नाही. शेवटी चालत गेलो. डॉक्टरांची जीप काळ्या मातीत अ‍ॅक्सलपर्यंत बसली होती आणि दुसरी गाडी तिला ओढायच्या नादात स्वतःच तिरकी झाली होती. आमच्यापासून अंतर जेमतेम आठशे मीटर. मधे उसाचा फड आणि एक बांध, एवढंच.

त्या दिवसापासून डोक्यात आहे. विंच, दोर, फावडं सगळं आपल्याकडे असतं, पण ते कुठे न्यायचं हे कळायला माणसाचा आवाज पोचावा लागतो. आज वहीत दोन गरजा वेगळ्या लिहून काढल्या. गाडीतून गाडीत एक-दोन किलोमीटर बोलता आलं पाहिजे आणि ते गटातल्या प्रत्येकाला जमलं पाहिजे. दुसरी गरज, एका तरी गाडीतून वीस-पंचवीस किलोमीटरवर सोलापूर शहरात निरोप पोचला पाहिजे. ही दोन कामं एकाच सेटने होतील असं मला वाटत होतं. आठवडाभर वाचल्यावर तसं वाटत नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज सगळ्यांना घरी बोलावलं. मेव्हणा ऑनलाइन बघून आला होता : पाच वॅटचे हातातले सेट, दोन-दोन हजारांत, कुठलीही फ्रिक्वेन्सी लावता येते. “सहा घेऊन टाकू की ओ दाजी, विषयच संपला.” त्याला समजवायला तासभर गेला, पण तो तास सत्कारणी लागला असं मी म्हणेन.

आपल्याकडे हवेतली प्रत्येक फ्रिक्वेन्सी कुणाच्या तरी नावावर आहे : पोलीस, विमानं, रेल्वे, खासगी परवानाधारक. ‘कुठलीही लावता येते’ हा त्या सेटचा गुण सांगितला जातो, पण परवाना नसलेल्या माणसाच्या हातात तोच त्याचा दोष आहे. पुराच्या दिवशी आपण नकळत बचाव पथकाच्याच चॅनेलवर बोलत बसलो तर? असे सेट सर्रास विकले जातात म्हणूनच केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये ऑनलाइन बाजारपेठांसाठी वॉकीटॉकी विक्रीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. सेट कुठल्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, त्याला परवाना लागतो का, त्याला ‘ईटीए’ म्हणजे उपकरण प्रकार मान्यता आहे का, हे विकणाऱ्याने सांगायलाच हवं.

मग विनापरवाना काय चालतं? ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा छोटा पट्टा. ताकद अर्धा वॅट, अँटेना सेटलाच कायमचा जोडलेला. दुसरा पर्याय सिटिझन बँडचा, २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्झ, पाच वॅटपर्यंत. परदेशात जीपवाले हाच लावतात, म्हणून डॉक्टरांचा ओढा तिकडे होता. पण आपल्याकडची सूट अंगचाच अँटेना असलेल्या सेटला आहे. गाडीवर बाहेर लांब काठी लावायची तर तिचा उपयोग नाही. शिवाय २७ मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबीचीच काठी पावणेतीन मीटर होते. बाभळीच्या वाटेने ती किती टिकणार?

तिसरा रस्ता हॅमचा, म्हणजे परीक्षा देऊन परवाना घेतलेल्या हौशी रेडिओवाल्यांचा. माझ्याकडे रिस्ट्रिक्टेड ग्रेडचा परवाना आहे, व्हीयू३ ने सुरू होणारं कॉल साइन, म्हणजे हवेतलं ओळखीचं नाव, आहे. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर, म्हणजे दोन मीटर बँडवर, मला बोलता येतं, गाडीवर चांगला अँटेना लावता येतो. पण समोर बोलणाराही परवानाधारकच लागतो आणि धंद्याचं काही बोलायचं नाही. माझा सेट मेव्हण्याच्या हातात देऊन “बोल तू” म्हणता येत नाही.

तेव्हा ठरलं ते असं : सहाही गाड्यांत ४४६ चे मान्यता असलेले हातातले सेट, आणि माझ्या थारमध्ये दोन मीटर बँडचा कायमचा बसवलेला हॅम सेट. शहरातलं टोक काका सांभाळतील. काका म्हणजे होटगी रोडवरचे आमचे ज्येष्ठ हॅम, ज्यांनी मला परीक्षेसाठी तयार केलं. किल्लारीचा भूकंप, ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट, त्यांच्या बोलण्यात अजून येते. त्या वेळी हॅम मंडळींनी निरोप पोचवायचं जे काम केलं, त्याच्याच ओढीने ते या छंदात आले.

३० नोव्हेंबर, रविवार

४४६ चे दोन सेट आधी आणले, बाकीचे चाचणीनंतर. खोक्यावर तेवीस किलोमीटर छापलंय. ते डोंगरमाथ्यावरून डोंगरमाथ्याचं असेल. तामलवाडीच्या पुढे मित्राच्या शेताकडच्या मोकळ्या माळावर दोन किलोमीटरपर्यंत स्वच्छ ऐकू आलं. मधे उसाचा फड आला की सहाशे-सातशे मीटरवर खरखर. सेट सीटच्या मधल्या खाचेत ठेवला तर त्याहून कमी. तोच हात वर करून काचेच्या उंचीला धरला की पुन्हा आवाज येतो. इतका फरक पडेल असं वाटलं नव्हतं. माझ्या थारला कापडी हूड आहे, त्यातून लहरी आरपार जातात. डॉक्टरांच्या बोलेरोत पत्र्याचं छप्पर, तिथे खिडकीजवळच धरावा लागतो.

म्हणजे सप्टेंबरातल्या त्या आठशे मीटरला हा सेट पोचलाच असता असं छातीठोक सांगता येत नाही. जीपच्या बॉनेटवर उभं राहून बोललं असतं तर बहुतेक पोचला असता. सेट घ्यायचे. आणि अडकलं तर आधी उंच जागा गाठायची, हे सगळ्यांना सांगायचं.

नान्नजकडे चाचणी घेऊ असं कुणी तरी म्हणालं, मी नको म्हटलं. माळढोकाचं अभयारण्य आहे ते. उरलेसुरले पक्षी आणि काळविटं तिथे सुखाने राहावीत, आपल्या गाड्यांना माळ कमी नाहीत.

७ डिसेंबर, रविवार

हॅम सेट आला. पुण्याच्या एका हॅमकडून, वापरलेला, जपानी बनावटीचा. त्याने आधी माझ्या परवान्याची प्रत मागितली, मगच सेट दिला. हे मला आवडलं. माझ्या परवान्यात चालत्या वाहनाची नोंद आहे ना, हेही आज पुन्हा काढून पाहिलं.

नवा न घेता हा का? याला मोठी गोल बटणं आहेत. हादरणाऱ्या गाडीत, रात्री, हातमोजे घालून चॅनेल बदलता येतो. रंगीत पडद्याच्या सेटमध्ये तीन मेनू आत शिरावं लागतं. शिवाय मागची कुलिंगची ॲल्युमिनियमची पाठ जाडजूड आहे आणि त्यात पंखा नाही. पंखा नाही म्हणजे आमची काळी धूळ आत ओढली जाणार नाही. मेमध्ये इथे पारा ४४ च्या वर जातो, बंद गाडीत तर विचारूच नका, म्हणून पाठ मोठी हवी. मी दहा वॅटच्या वर जाणार नाही, तेवढ्याला ती पुरेल.

१४ डिसेंबर, रविवार

आजचा पूर्ण दिवस अँटेनाच्या जागेवर गेला. या प्रकल्पाचं मर्म इथेच आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

१४५ मेगाहर्ट्झची तरंगलांबी दोन मीटरहून थोडी जास्त. पाव लांबीची काठी साधारण पन्नास सेंटीमीटर येते. पण पाव लांबीची काठी म्हणजे अर्धाच अँटेना. दुसरा अर्धा म्हणजे तिच्या पायाखालचा पत्रा, तोही चहूबाजूंनी काठीच्याच लांबीएवढा हवा. पत्र्याचं छप्पर असेल तर मधोमध बसवा आणि विसरून जा. जुन्या थारला छप्परच कापडाचं, मग पत्रा आणायचा कुठून?

तीन जागा मोजून पाहिल्या. मागे स्टेपनीच्या कॅरियरवर : उंची चांगली, पण खाली पत्रा नाही, शेजारी टायरच्या आतली लोखंडी डिस्क, आणि दार उघडलं की केबलला पीळ. तिथे अर्ध्या लांबीची, एक मीटरची काठी लावता येते. तिला खालच्या पत्र्याची फारशी गरज नसते. पण एक मीटरची काठी बाभळीत अडकणार. समोरच्या काचेच्या चौकटीवर : चौकट आडवी होते तिथे बिजागरीत केबल चेपणार. तिसरी जागा बॉनेटच्या मागच्या कोपऱ्यावर, ड्रायव्हरच्या विरुद्ध बाजूला. तिथे बॉनेट आणि फेंडरचा मोठा पत्रा एका बाजूला मिळतो. सगळीकडे सारखा नाही, त्यामुळे लहर गाडीच्या पुढे-उजवीकडे थोडी जास्त जाईल, मागे डावीकडे कमी. पण केबल छोटी होते. पातळ आरजी-५८ केबल पाच मीटर वापरली तर या फ्रिक्वेन्सीला जवळजवळ एक डेसिबल, म्हणजे वीसेक टक्के ताकद केबलच खाते. बॉनेटच्या कोपऱ्यातून डॅशखाली दोन मीटरमध्ये काम होतं.

काकांना फोन केला. ते म्हणाले, “बॉनेटवरच लाव. जी काठी मोडली तर सायकलच्या स्पोकने निभावता येते, तीच पुरात कामाची.” ठरलं.

१६ डिसेंबर

अशोक चौकात लेथवाल्याकडे एल-ब्रॅकेट टाकला. तीन मिलीमीटरची पट्टी, बॉनेटच्या बिजागरीच्या बोल्टवर बसेल अशी. पावडर कोटिंगही तोच करून देणार.

२० डिसेंबर, शनिवार

घाईने सेट सिगारेट लायटरच्या सॉकेटवर जोडून पाहिला. बॅटरीवर १३.९ व्होल्ट असताना, दहा वॅटवर बोलताना सेटपाशी १२.८. काकांनी सांगितलं, आवाजात शिट्टी येतेय आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तिचा सूर चढतो. हा अल्टरनेटरचा आवाज. लायटरची वायर बारीक, त्यावरच वायपर, हॉर्न, लाइटची लाइन. उद्या मिस्त्रींकडे.

२१ डिसेंबर, रविवार

आमचे ऑटो इलेक्ट्रिशियन पूर्व भागातले. घरात तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि वायर ओढताना दोन्ही. तीस वर्षं एसटीच्या, ट्रकच्या वायरिंगवर हात बसलेला. मी कागदावर आकृती काढून नेली होती. त्यांनी ती बघितली आणि एकाच गोष्टीवर हरकत घेतली : “निगेटिव्हला पण फ्यूज? कशाला ओ? बॉडी अर्थ मारतो की इथंच.”

मी सांगितलं ते असं. इंजिन आणि बॅटरीमधली जाड अर्थची पट्टी कधी सैल झाली, गंजून तुटली, तर स्टार्टरचा शेकडो अँपिअरचा करंट परतीची वाट शोधतो. ती वाट त्याला सेटच्या निगेटिव्ह वायरमधून आणि अँटेनाच्या केबलच्या जाळीतून मिळू शकते. वायर पेटेल. म्हणून दोन्ही वायरी थेट बॅटरीच्या टोकांना, आणि दोन्हींवर बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “बरोबर आहे. एका ट्रकचं स्पीडोमीटरच्या केबलमधून असंच लाल झालं होतं.” पुढे सगळं त्यांनी माझ्यापेक्षा नीट केलं.

सहा स्क्वेअर एमएमची वायर, पंधरा अँपिअरचे फ्यूज, वायरीच्या टोकाची थिंबल (धातूची टोपी) आधी प्रेस करून मग वर सोल्डर. फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला, नवीन भोक न पाडता क्लचच्या केबलशेजारचं जुनं ग्रोमेट (भोकातली रबरी रिंग) वापरलं. पत्र्याची धार वायरला लागू नये म्हणून पूर्ण लांबीला फ्लेक्सिबल पाइप. सेट गिअरच्या पुढे, डॅशखाली, चार रबरी बुशवर. दुपारी मिस्त्रींच्या घरून कडक भाकरी आणि शेंगाचटणी आली, बॉनेटवरच जेवलो.

संध्याकाळी मोजलं : बॅटरी १३.९, सेटपाशी बोलताना १३.७. शिट्टी गेली. इंजिन दोन हजार आरपीएमवर ठेवूनही काकांना काही ऐकू आलं नाही.

२८ डिसेंबर, रविवार

ब्रॅकेट बसवला, काठी बसवली, एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती ताकद परत येते ते दाखवणारा, आकडा एकच्या जितका जवळ तितकं चांगलं) जोडला आणि बटण दाबलं. तीनच्या वर. म्हणजे पाठवलेल्या ताकदीचा चौथा हिस्सा परत सेटकडे येतोय. काठीची लांबी कमी-जास्त करून पाहिली, काटा जागचा हलेना. लांबीने फरक पडत नसेल तर दोष लांबीत नाही, हे काकांचं वाक्य आठवलं आणि पाना खाली ठेवला.

मल्टिमीटर काढला. एक टोक अँटेनाच्या बुडाला, दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला. काहीच नाही, पूर्ण तुटलेलं. काळा, गुळगुळीत, देखणा ब्रॅकेट बॉनेटवर बसला होता आणि पावडर कोटिंगने त्याला पत्र्यापासून अलग केलं होतं. काठीच्या पायाखाली पत्रा होता, पण तिच्या लेखी तो नव्हताच.

बोल्ट काढले. ब्रॅकेटच्या खालच्या बाजूला पॉलिश पेपर घासायला लागलो. आधी काळी भुकटी, मग करडा थर, मग मधेच एक चकाकता ठिपका आणि तो वाढत वाढत रुपयाएवढा झाला. तेवढीच जागा बॉनेटच्या पत्र्यावर खरवडली. तिथे मात्र हात जड झाला. दहा वर्षं जपलेला मूळ रंग होता तो. दातेरी वॉशर घातला, जो घट्ट होताना पत्र्यात रुततो. वरून ग्रीसचा पातळ हात दिला, म्हणजे पावसाळ्यात गंज धरणार नाही.

मीटर : १.९. सुधारलं, पण पुरेसं नाही. पुन्हा विचार केला. बॉनेट तरी गाडीच्या बॉडीला जोडलेलं आहे का? बिजागरीत रंग, मधे ग्रीस, वर रबरी बुश. बॉनेट हलवलं की मल्टिमीटरचा आकडा नाचायचा. मिस्त्रींकडून तांब्याच्या विणलेल्या जाळीची वीतभर पट्टी आणली आणि बॉनेटपासून फेंडरला जोडली, उघडबंद होताना ताण पडणार नाही एवढी सैल. आता १.४. मग काठी पाच-पाच मिलीमीटर कापत गेलो, प्रत्येक वेळी बॉनेट बंद करून आणि गाडीपासून दोन पावलं मागे सरून. माणूस जवळ उभा असला तरी काटा हलतो. एकोणपन्नास सेंटीमीटरला १४५ मेगाहर्ट्झवर १.२. तिथेच थांबलो. त्याच्यापुढे मिळवण्यासारखं काही नाही, आणि कापलेली काठी परत वाढत नाही.

१४ जानेवारी २०२६, बुधवार

संक्रांत. गड्डा यात्रा, नंदीध्वज, घरी पाहुणे. काम बंद.

१८ जानेवारी, रविवार

रस्त्यावरची चाचणी. निघण्याआधी कागदावर हिशेब केला होता. सपाट मुलखात रेडिओची नजर किती लांब जाते ते उंचीवर ठरतं. उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ काढायचं आणि ४.१२ ने गुणायचं. माझी काठी जमिनीपासून दोन मीटरच्या आत, म्हणजे सहाच्या आत किलोमीटर. काकांचा अँटेना गच्चीवर बारा मीटरवर, म्हणजे चौदा. बेरीज वीस. त्यात वॅट कुठेच नाहीत. दहाचे पन्नास वॅट केले तरी पृथ्वीची गोलाई तीच राहते.

तुळजापूर रोडने निघालो. मेव्हणा गाडी चालवायला, माइक माझ्याकडे. गाडी चालवताना हातात संपर्काचं साधन धरून बोलणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये येतं, आणि गाडीवाटेवर तर दोन्ही हात स्टिअरिंगलाच हवेत. दर पाच किलोमीटरला काकांना हाक. तामलवाडीपर्यंत समोर बसून बोलल्यासारखं. पुढे एका ओढ्याच्या उतारात तुटलं, चढावर आलं, पुन्हा तुटलं. वीस किलोमीटरचा हिशेब जवळजवळ जागच्या जागी खरा ठरला. मग घाट चढून वर आलो, बालाघाटाच्या कडेला गाडी उभी केली, सोलापूरचं पठार खाली धुरकट पसरलेलं. हाक दिली आणि काकांचा आवाज इतका स्वच्छ आला की मागे त्यांच्या घरातली कुकरची शिट्टीसुद्धा ऐकली. पंचेचाळीस किलोमीटर, दहा वॅट, एकोणपन्नास सेंटीमीटरची काठी.

दुपारी मुद्दाम तिऱ्ह्याला गेलो. अंतर तुळजापूरच्या निम्म्याहून कमी, पण नदीकाठ खोलगट. पुलाच्या वर बोलणं झालं. काठाला उतरलो, सप्टेंबरात जिथे थांबलो होतो त्या लिंबाखाली, आणि तिथे नुसती खरखर. गाडी वळवून बॉनेटची बाजू शहराकडे केली, दहा पावलं पुढे घेतली, तर शब्द लागायला लागले. पुन्हा मागे घेतली, गेले. लिंबापासून वरच्या बांधापर्यंत चालत मोजलं, एकशे चाळीस पावलं. बांधावर गाडी नेली की पूर्ण स्पष्ट.

म्हणजे पुराच्या वेळी थार वाटपाला खाली न्यायची नाही. ती बांधावर उभी राहील आणि खालच्या गाड्या तिच्याशी ४४६ वर बोलतील. निरोप मी पुढे शहरात देईन. नकाशावर त्या बांधाला खूण केली. लांबोटी, वडकबाळ अशा नदीकाठच्या बाकीच्या जागांनाही अशाच खुणा पावसाळ्याआधी करायच्या आहेत. एकेका रविवारी एकेक जागा.

२५ जानेवारी, रविवार

बारीकसारीक कामं. दोनशे किलोमीटरनंतर ब्रॅकेटचा एक बोल्ट पाव फेरा सैल झाला होता, नायलॉनचा लॉकनट घातला. माइकची क्लिप गिअरला लागत होती, वर सरकवली. केबल आत शिरते तिथे पाणी ओघळून आत जाऊ नये म्हणून तिला भोकाच्या खाली एक झोल ठेवला, पाणी तिथूनच खाली टपकतं. डॅशवर चिकटपट्टी : आमचा ४४६ चा ठरलेला चॅनेल, पर्यायी चॅनेल, काकांची ऐकण्याची वेळ. पेट्रोल पंपावर सेट बंद. बोलताना काठीजवळ कुणी उभं नको. लायटरवर जोडायची जुनी वायर काढून टाकली, नाहीतर घाईत कुणी तरी तिलाच जोडेल.

संध्याकाळी डॉक्टर आणि मेव्हणा दोघेही घरी आले. थारमध्ये एकच परवानाधारक असून भागणार नाही, मी आजारी पडलो तर काय, हे त्यांचं त्यांनीच काढलं. काकांनी दर गुरुवारी शिकवायचं कबूल केलंय. दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर दोघांचे अर्ज भरायला घेतले, मेव्हण्याचे पासपोर्ट फोटो तेवढे उद्या यायचे आहेत.